पाचवा पट्टा

आमच्या घरी गाडी निघण्याआधी हजेरी व्हायची. अजूनही होते. शाळेतली हजेरी परवडली, तिथे निदान नाव तरी घेतात. इथे माणसाला नाव नाही, नुसती जागा.

“पुढे उजवा?” मागच्या सीटवरून सासरे खणखणीत आवाजात विचारायचे.

“लागला,” गाडी चालवणारा नवरा म्हणायचा.

“पुढे डावा?”

“लागला,” मी.

“मागे डावा?”

“लागला,” सासूबाई.

मग “मागे उजवा लागला” असं स्वतःचं उत्तर स्वतःच देऊन सासरे म्हणायचे, “हिरवा. चल.” त्यानंतरच नवऱ्याने किल्ली फिरवायची. एकाचंही उत्तर आलं नाही तर गाडी जागची हलायची नाही, मग तिकडे कोणाचा मुहूर्त टळेना का.

सासरे रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. मूळचे अकोल्याकडचे. बदल्या होत होत जयपूरला आले, इथेच निवृत्त झाले आणि गोपालपुऱ्याच्या मागच्या अंगाला घर बांधून इथलेच झाले. इंजिनात अशी पद्धत असते म्हणे, की सिग्नल दिसला की ड्रायव्हरने त्याचा रंग मोठ्याने बोलायचा आणि शेजारच्या असिस्टंटने तो आपल्या डोळ्यांनी बघून परत बोलायचा. मनातल्या मनात ‘दिसला’ म्हटलेलं चालत नाही. नोकरी संपली, पण बोलायची सवय राहिली. त्यात इंजिनाच्या आवाजाने कान अर्धे गेलेले, त्यामुळे बोलणं कायम वरच्या पट्टीत.

मी सांगलीची. लग्न होऊन इथे आले तेव्हा ही हजेरी ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं आणि दुसऱ्यांदा राग. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कोचिंगवाल्या पोरांची हॉस्टेलं. सकाळी पोरं ठेल्यावर चहा पीत उभी असायची आणि आमच्या गाडीतून “पुढे डावा?” अशी गर्जना व्हायची. पोरं वळून बघायची. मी नवी नवरी, मान खाली घालून “लागला” पुटपुटायचे. ते सासऱ्यांना ऐकू जायचं नाही. मग पुन्हा, आणखी मोठ्याने, “पुढे डावा?” माझा स्वभाव मुळात फटकळ. एकदा न राहवून म्हणाले, “बाबा, आपण भाजी आणायला चाललोय, दिल्लीला नाही.” ते अजिबात चिडले नाहीत. “सिग्नल काही भाजीसाठी वेगळा नसते, पोरी,” एवढंच म्हणाले आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसून राहिले.

या हजेरीत एकच माणूस राजरोस खोटं बोलायचं, आणि ते म्हणजे सासूबाई. त्या पट्टा ओढून छातीवरून आणायच्या आणि त्याचं टोक मांडीपाशी मुठीत धरून बसायच्या. खटक्यात अडकवायच्या नाहीत. पदर चुरगळतो, मंगळसूत्र रुततं, जीव घुसमटतो, अशी त्यांची गाऱ्हाणी. आणि सगळ्यात वरचं म्हणजे, “मागच्या सीटवर काय होते?” सासऱ्यांच्या कानांना खटक्याचा आवाज ऐकू यायचा नाही, आणि माणूस रेल्वेतला, बोललेला सिग्नल खोटा असू शकतो हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मी पुढच्या आरशातून सगळं बघायचे. सासूबाई मला डोळा मारायच्या. सासूने सुनेला डोळा मारावा असं भाग्य किती जणींच्या वाट्याला येतं? मी गप्प बसायचे.

गाडी नवी आली तेव्हा सासूबाईंनी चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या जयपुरातल्या, मूर्तिकारांच्या गल्लीतून संगमरवरी गणपती आणला होता. चांगला वीतभर उंच, मुकुटाला सोनेरी रंग. तो माझ्या सीटसमोर डॅशबोर्डवर चिकटवायचा, असं त्यांनी ठरवलेलं.

“इथे नाई,” सासरे म्हणाले.

“काऊन?”

“याच्याखाली फुगा हाय. ठोकर बसली की हे झाकण उघडते अन् फुगा बंदुकीवानी बाहेर येते. झाकणावर देव बसवशीन तर तो थेट पोरीच्या तोंडावर येईन.”

“देव कोनाच्या तोंडावर येत नसते!” सासूबाई म्हणाल्या, आणि मग घरात काही दिवस अबोला झाला. त्या अबोल्यात आम्हाला जेवण मात्र फार चांगलं मिळालं, कारण सासूबाईंचा राग पुरणात उतरतो. शेवटी गणपती देवघरात बसला. गाडीत बसण्याआधी सासूबाई तिथे जाऊन त्याला सांगून यायच्या, की बाबा रे, तुला येऊ देत नाहीत, इथूनच लक्ष ठेव.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मला दिवस गेले आणि त्यातलं हसू कमी झालं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. एकदा आशा लागून ती मावळलीही होती. त्याबद्दल घरात कोणी बोलायचं नाही, पण सासूबाईंनी त्या वेळी विणायला घेतलेलं टोपडं अर्धंच कपाटात पडून होतं, आणि ते त्यांनी टाकलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. त्यामुळे या खेपेला माझ्या प्रत्येक हालचालीवर दोघांचा पहारा. सासूबाई पोळीवरचं तूप मोजायच्या नाहीत आणि सासरे मला गाडीत मोकळं बसू द्यायचे नाहीत.

सहाव्या महिन्यात पाय सुजायला लागले. एकदा मी चपला काढून पाय डॅशबोर्डवर ठेवले. काय सुख वाटलं म्हणून सांगू! तेवढ्यात मागून आवाज आला, “लाल!”

नवऱ्याने दचकून गाडीच बाजूला घेतली.

“पाय झाकणावर नाई,” सासरे म्हणाले. “फुगा आला तर गुडघे छातीत येतीन.” मी पाय खाली घेतले, पण तोंड फुगवून बसले. खरंतर फुगा सुटला तो माझ्या तोंडाचाच. सासरे खाली उतरले आणि त्यांनी माझी सीट जितकी जाईल तितकी मागे सरकवली. “फुग्याले जागा लागते. त्याच्या तोंडाशी बसायचं नाई.” माझ्या मागे सासूबाई बसायच्या. त्यांचे गुडघे आता माझ्या सीटला टेकले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या कण्हल्या, आणि ते आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

सासूबाईंचं भांडण फुग्याशी नव्हतं, पट्ट्याशी होतं. “पोटावर पट्टा आवळून लेकराले घोटून राहिले तुम्ही,” असं त्या रोज म्हणायच्या. त्यात नुसता हट्ट नव्हता. त्या घाबरलेल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही होते. एका बाजूला सासरे, दुसऱ्या बाजूला सासूबाई, आणि मधे माझं पोट. शेवटी मी सासूबाईंना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले आणि म्हटलं, आता तुम्हीच विचारा.

“डॉक्टरजी,” सासूबाईंनी आपल्या हिंदीत विचारलं, “पेट पे पट्टा लगाने से बच्चे को दबता नहीं क्या?”

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी स्वतःच्या ओढणीचा पट्टा करून अंगावर लावून दाखवला. “पेट पर लगाना ही नहीं है, माँजी. एक पट्टा पेट के नीचे, कूल्हे की हड्डियों पर. दूसरा छाती के बीच से, पेट के बगल से. ढीला नहीं. मोटी शॉल के ऊपर से नहीं, शॉल बाद में ओढ़ लो.” मग त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. “पट्टा माँ को पकड़ता है, और माँ बच्चे को.”

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मी आता काई म्हनत नाई.” आमच्या घरात या वाक्याचा अर्थ असा, की म्हणायचं सगळं शिल्लक आहे.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. सासऱ्यांची धाकटी बहीण, आमच्या आत्या, जयपूरजवळच्या बस्सीला राहतात. त्यांचे यजमानही रेल्वेतच. भावाच्या घरचं पहिलं डोहाळजेवण मीच करणार, असा त्यांनी धोशा लावला होता. थंडीचे दिवस होते. आग्रा रोडच्या दोन्ही अंगांना मोहरी फुललेली. आत्यांनी माझ्यासाठी फुलांचे दागिने करवून घेतले होते. थंडीत मोगऱ्याच्या कळ्या कुठून मिळणार, म्हणून गुलाब आणि झेंडूचे. हिरवी साडी, हिरवा चुडा, डोक्यावर झेंडूचा मुकुट. मी वरातीतल्या घोडीसारखी दिसत होते. शेजारच्या बायका गोदभराई म्हणून आल्या, त्यांनी आपल्या घरून दालबाटी आणली, आणि एकाच ताटात बाटी आणि पुरणपोळी असा संसार मांडला गेला. झाकलेल्या दोन वाट्यांपैकी मी एक उघडली, तर बर्फी निघाली. “पोरगी!” आत्या ओरडल्या आणि सगळ्या बायका हसल्या. मी खूप दिवसांनी इतकी निवांत होते.

मग माझी ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण आणि एक भलामोठा नारळ. आमच्याकडे ही ओटी पदरातच धरून घरी न्यायची, देवापुढे ठेवायची, मधे कुठे खाली टेकवायची नाही. सासूबाईंनी तसं बजावलंही. तिन्हीसांजेच्या आत घरी पोचायचं म्हणून आम्ही उन्हं होती तेव्हाच निघालो.

मी फुलांचे दागिने उतरवून पुढे बसले. पदरातली ओटी मांडीवर सावरली आणि पट्टा ओढला. खालचा पट्टा पोटाखाली घ्यायला गेले, तर तिथे नारळ. पट्टा नारळावरून आला आणि नारळ माझ्या पोटाला रुतून बसला.

“पुढे उजवा?”

“लागला.”

“पुढे डावा?”

“लागला,” मी म्हणाले. “पण आत नारळ आहे.”

“आत म्हंजे?”

“पट्टा आणि पोट यांच्या मधे.”

“लाल,” सासरे म्हणाले.

खिडकीशी निरोप द्यायला उभ्या असलेल्या आत्यांना ते पटेना. “लाल काऊन, दादा? ओटी हाय ते. पदरातच न्यावं लागते.”

“मतलब, पायाशी ठेवू ना थोडा वेळ,” नवरा म्हणाला. तो जयपूरमध्येच वाढलेला. त्याला मराठीतल्या निम्म्या गोष्टी धोकादायक आहेत हे कळत नाही.

“पायाशी? ओटी?” आत्यांनी तोंडावर हात घेतला.

माझे पाय ठणकत होते, कंबर मोडली होती, आणि आता माझ्या मांडीवरच्या नारळावरून बैठक बसली होती. जोरात ओरडावं की रडावं, हे मला कळेना. मी आरशातून सासूबाईंकडे पाहिलं. शेवटचा शब्द त्यांचा होता. त्या म्हणतील, पट्टा काढ आणि हाताने धरून बस, मी बसते तशी. याची मला जवळजवळ खात्री होती, आणि त्या तसं म्हणाल्या तर त्या दिवशी मी पट्टा काढला असता, हेही मला माहीत होतं. वाद घालायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

मागचं दार उघडलं. सासूबाई उतरून माझ्या दाराशी आल्या आणि त्यांनी स्वतःचा पदर पसरला. “आन इकडे. माह्या पदरात टाक.”

“वहिनी!” आत्या म्हणाल्या. “ओटी दुसरीनं घेत नसतात!”

“दुसरी कोन वं?” सासूबाई म्हणाल्या. “आजी हाव मी त्याची.”

मी ओटी त्यांच्या पदरात घातली. पट्टा पोटाखाली नीट बसवला, वरचा छातीमधून घेतला, आणि शाल त्यावरून पांघरली. पहिल्यांदाच मी स्वतःहून मोठ्याने म्हणाले, “पुढे डावा लागला, बाबा!”

सासूबाई दोन्ही हातांनी पदर सावरत मागे जाऊन बसल्या.

“मागे डावा?”

उत्तर आलं नाही. येणार कसं? पट्टा मुठीत धरायला हातच मोकळा नव्हता. सासऱ्यांनी शेजारी पाहिलं. “नारळ मांडीवर सुटा ठेवू नको,” ते म्हणाले. “जोरात ब्रेक लागला की गाडी थांबते, सुटी वस्तू थांबत नसते. ते पुढे जाते. तुह्या पुढे कोन बसलं हाय, पाह्य.”

ते बिचारे नारळाबद्दलच बोलत होते. मी आरशातून बघत होते. सासूबाईंनी नारळाकडे पाहिलं. मग माझ्या सीटच्या पाठीकडे पाहिलं. मग मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. आमच्या सासूबाई अंगाने चांगल्या भरलेल्या आहेत.

त्या पुन्हा उतरल्या. आत्यांनी दिलेला स्टीलचा नवा डबा मागवून घेतला, त्यात ओटी रिकामी केली, झाकण घट्ट लावलं आणि डबा डिकीत पिशव्यांच्या मधे पक्का बसवला. डिकीला हात जोडले. आत्या बघतच राहिल्या. मग सासूबाई परत आपल्या जागी बसल्या.

“मागे डावा?”

तेव्हा त्या कोपऱ्यातून मी पूर्वी कधीच न ऐकलेला आवाज आला. खट्. मग त्या म्हणाल्या, “लागला.” सासऱ्यांना खटका ऐकू आला नाही. मला आला.

वाटेतल्या कानोता गावाच्या अलीकडे मोहरीच्या शेतातून एक नीलगाय उसळून रस्त्यात आली. तिचा काय दोष? पुढच्या पिकअपने करकचून ब्रेक लावला, नवऱ्यानेही लावला, पण मधलं अंतर संपलं होतं.

फुगा उघडलेला मला आठवत नाही. आठवतो तो मिटलेला, माझ्या पुढ्यात लोंबणारा पांढरा कपडा. गाडीभर पिठासारखी धूळ आणि दिवाळीत फटाके वाजवून झाल्यावर अंगणात येतो तसा वास. गाल चरचरत होते. चुड्यातल्या काही बांगड्या फुटल्या होत्या. पट्ट्याने मला सीटला असं धरून ठेवलं होतं की पुढे वाकताही येईना. दोन्ही हात आपोआप पोटावर गेले होते.

मग मागून आवाज आला. खणखणीत नव्हता, कापत होता, पण शब्द तेच.

“पुढे उजवा?”

“ठीक आहे, बाबा,” नवरा म्हणाला.

“पुढे डावा?”

माझा आवाज फुटेना.

“पुढे डावा?” ते पुन्हा म्हणाले, मोठ्याने, गल्लीत म्हणायचे तसे. त्या आवाजाची मला किती लाज वाटायची! त्या क्षणी मी त्या आवाजालाच धरून वर आले. “आहे!” मी ओरडले. “आहे, बाबा!”

“मागे डावा?”

“हाय,” सासूबाई रडत म्हणाल्या. “हाय मी.”

“मागे उजवा हाय.”

आणि ते थांबले. “हिरवा” म्हणाले नाहीत. गाडीत आम्ही पाच जण होतो, आणि पाचव्याला कसं विचारायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मागून येणारी एक जीप थांबली. तिच्यात एक कुटुंब होतं. त्यातल्या बाईने माझी हिरवी साडी आणि केसांत अडकलेल्या पाकळ्या पाहिल्या आणि तिला सगळं कळलं. तिने आपली मुलं नवऱ्याबरोबर रस्त्याच्या कडेला उतरवली आणि आम्हाला आत घेतलं. पिकअपवाल्याने, ज्याच्या गाडीला आम्ही धडकलो होतो, त्यानेच मला हाताला धरून चढवलं. त्या दोघांना मी पुन्हा कधी भेटले नाही. देवाला हात जोडताना मी अजून त्यांच्यासाठीही जोडते.

त्या वाटेवर मला एकच गोष्ट कळत होती. पोटात काही हलत नव्हतं. एरवी दिवसभर लाथा मारणारा जीव गप्प होता. सासूबाई माझा हात धरून बसल्या होत्या. पोटाला त्यांनी हात लावला नाही. त्यांना धीर होत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवलं. ते इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. खरखर ऐकू येत राहिली. मी छताकडे बघत होते आणि माझ्या मनात ते अर्धं टोपडं होतं. मग एका जागी त्या थांबल्या, आणि खरखरीतून आवाज आला. धडधड, धडधड, घाईघाईने धावणारा. त्यांनी आवाज मोठा केला. खोली भरून गेली.

सासरे दारात उभे होते. अर्ध्या कानांचा माणूस. पण ते त्यांना ऐकू आलं. “हिरवा,” ते म्हणाले, आणि भिंतीला टेकून मटकन खाली बसले.

डॉक्टरीणबाईंनी मला माझ्याच अंगावरचे वळ दाखवले. एक खांद्यावरून छातीमधून उतरलेला, दुसरा पोटाच्या खाली, हाडांवर. पोट मधे जसंच्या तसं, कोरं. “पट्टा बिल्कुल सही जगह था,” त्या म्हणाल्या. तिथे नारळ असता तर काय झालं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. अजूनही कोणाला विचारलेलं नाही.

मला देखरेखीसाठी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्या उशाशी बसल्या होत्या. नर्सने त्यांच्या खांद्यावरचा पदर बाजूला केला, तर तिथे जांभळाने माखलेला हात फिरवावा तसा पट्टा उमटला होता. सासरे चहा घेऊन आले होते, ते बघतच राहिले. “एवढं लागलं तुले? नेहमी तर पट्टा लावते तू.”

सासूबाईंनी पदर परत खांद्यावर ओढला. “नेहमी नाई लावत,” त्या म्हणाल्या. “मुठीत धरून बसत होती मी. काल पयल्यांदा खरा लावला.”

मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. जन्मभर सिग्नलवर विश्वास ठेवलेला माणूस आता काय करेल, याचा अंदाज येत नव्हता.

“मंग काल काऊन लावला?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच तर म्हनले ना, सुटी वस्तू पुढे जाते म्हनून,” सासूबाई म्हणाल्या. “त्या नारळापेक्षा मी जड. अन् पोरीच्या मागे मीच तर बसली होती.”

मी एक डोळा किलकिला केला. सासरे बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. मग त्यांनी ती बशी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांचा खांदा दुखत होता, कप उचलवत नव्हता.

आयुष्यात मला पुष्कळ जणांनी पुष्कळ काही दिलं, पण माझ्या सासूने मला काय दिलं ते मला नेमकं सांगता येतं. तिने तिची रीत माझ्या मांडीवरून उचलली आणि डिकीत ठेवली. मी तिच्याशी नंतरही भांडले, मिठावरून, पाहुण्यांवरून. पण ही गोष्ट मी एक दिवसही विसरलेले नाही.

मुलगी झाली. बर्फी खरी ठरली. तिला घरी न्यायच्या दिवशी गाडी दुरुस्त होऊन आली होती. फुगे नवे बसवले होते, आणि एकदा ताण बसलेले पट्टे पुन्हा वापरायचे नाहीत म्हणून सासऱ्यांनी पट्टेही बदलून घेतले होते. मागच्या सीटवर डाव्या बाजूला बाळाची खुर्ची होती, तोंड मागे करून बसवलेली. पुढे फुगा आहे, तिथे बाळ नाही, हे ठरलेलंच.

आमच्याकडे नातीला घरी आजी आणते, आपल्या पदरात. सासूबाईंनी त्यासाठी जुन्या मऊ साड्यांचं दुपटं शिवलं होतं. टोपडंही पुरं झालं होतं, तेच, कपाटातलं. इतकी वर्षं त्यांनी ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, हे मला माहीत होतं. म्हणून मी भांडणाची तयारी करूनच बाहेर आले.

बाळ त्यांच्या हातात होतं. त्या खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या. “एवढ्याशा जिवाले बांधून न्यायचं?” त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी वाकून स्वतःच तिला खुर्चीत ठेवलं. पट्टे अंगालगत बसवले, आणि दुपटं त्यांच्यावरून पांघरलं. शाल बाद में, हे त्यांच्या लक्षात होतं. बाळ त्यांच्या जागेवर बसलं आणि त्या अंग चोरून मधे बसल्या. मी त्यांच्या उजवीकडे बसले. सासरे पुढे, फुग्यापासून लांब सीट सरकवून.

“पुढे उजवा?”

“लागला,” नवरा म्हणाला.

“पुढे डावा लागला. मागे उजवा?”

“लागला!” मी ओरडले. दवाखान्याचा वॉचमन वळून बघायला लागला. बघू दे.

“मागे मधला?”

खट्. “लागला,” सासूबाई म्हणाल्या.

सासरे थबकले. मग त्यांनी विचारलं, “मागे डावा?”

बाळ झोपलं होतं. सासूबाईंनी त्याच्या खटक्यावर हात ठेवला, एकदा ओढून पाहिला आणि हात तिथेच राहू दिला.

“लागला,” त्या म्हणाल्या. आणि मग, नवऱ्याच्या अर्ध्या कानांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, “खरंच लागला.”